आडनाव स्कॉटलंडचं, भाषा कुठली?

स्कॉटिश आडनावांची व्युत्पत्ती कशी शोधायची, याविषयी आलेल्या वाचकांच्या प्रश्नांना आडनावांच्या अभ्यासकांनी दिलेली ही उत्तरं.

प्रश्न : माझ्या मुलीचं सासर ग्लासगोचं. जावयांचं आडनाव ‘करी’. लग्नात आमच्या मंडळींनी त्यावर केलेले विनोद अजून संपलेले नाहीत. व्याही म्हणतात, एडिंबरोजवळ करी नावाचं गाव आहे, त्यावरून ते आलं. विहीणबाई म्हणतात, यांचं घराणं ॲरन बेटावरचं आणि आडनाव मूळचं गेलिक, म्हणजे स्कॉटलंडच्या जुन्या केल्टिक भाषेतलं. नातवासाठी घराण्याची माहिती लिहून ठेवायची आहे. कुणाचं खरं धरायचं? — एक वाचक, ठाणे

दोघांचंही खरं आहे, पण वेगवेगळ्या घराण्यांपुरतं. ‘करी’ हे एक आडनाव नव्हेच. निदान तीन निरनिराळे उगम घासून घासून एका स्पेलिंगात येऊन बसले आहेत. पहिला, एडिंबरोच्या नैर्ऋत्येचं करी हे गाव. दुसरा, दक्षिणेकडे डम्फ्रीसशरमधल्या ॲनन नदीच्या खोऱ्यातलं कॉरी. हे गेलिक ‘कोरे’वरून आलं, म्हणजे कढई, आणि त्यावरून डोंगरातला कढईसारखा खोलगट भाग. तिसरा उगम आयला आणि ॲरन या बेटांवरचा. तिथे गावाचा काही संबंध नाही, ते पूर्वजाच्या नावावरून पडलेलं ‘मॅक वुरिख’ आहे.

म्हणून कोश आधी उघडू नका. आडनावांच्या कोशात ‘करी’खाली हे सगळे अर्थ शेजारी शेजारी दिलेले असतात आणि माणूस त्यातला आवडेल तो उचलतो. आधी घराणं कागदावर मागे न्या, पॅरिश (एका चर्चच्या हद्दीतला भाग) सापडू द्या, मग कोश.

मागे जाण्याची वाट अशी. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह, मृत्यू यांची सक्तीची नोंदणी 1 जानेवारी 1855 पासून आहे. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंडच्या ‘स्कॉटलंड्‌स पीपल’ या संकेतस्थळावर खातं उघडलं की सूची फुकट धुंडाळता येते. या नोंदींपैकी एकेका पानाची प्रतिमा पाहायला 6 क्रेडिट (तिथे आगाऊ विकत घ्यायचे एकक) लागतात. 100 वर्षांच्या आतले जन्म, 75 वर्षांच्या आतले विवाह आणि 50 वर्षांच्या आतले मृत्यू यांच्या प्रतिमा तिथे दिसत नाहीत, तेवढ्यापुरते घरातले दाखले काढून ठेवा.

सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करा. स्कॉटलंडच्या मृत्यूनोंदीत मृताच्या आईवडिलांची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही. 1857 साली सत्तरीत वारलेल्या म्हाताऱ्याची नोंद हाती आली की तुम्ही एका उडीत अठराव्या शतकात पोहोचता. मात्र ही माहिती देणारा बहुधा मुलगा, जावई किंवा शेजारी असतो. त्याला मयताच्या आईचं नाव ठाऊक असेलच असं नाही. विवाहाच्या नोंदीत वधूवरांनी स्वतः सांगितलेली आईवडिलांची नावं असतात, तिच्याशी ताडून पाहा. एखादा पूर्वज नेमका 1855 मध्ये जन्मला असेल तर नशीब समजा. त्या एका वर्षाच्या जन्मनोंदीत आईवडिलांची वयं, जन्मस्थळं आणि आधीच्या मुलांची संख्याही आहे. काम फार वाढलं म्हणून पुढच्याच वर्षी रकाने कमी केले.

त्यानंतर जनगणना. 1841 च्या जनगणनेत फक्त ‘याच काउंटीत जन्म की नाही’ एवढंच विचारलं होतं. 1851 पासून जन्माची पॅरिश मिळते. 1891 पासून गेलिक बोलता येतं का, याचा वेगळा रकाना आहे. ग्लासगोच्या चाळीवजा इमारतीत राहणारे एखादे करी आजोबा ‘गेलिक आणि इंग्रजी’ बोलणारे आणि जन्माने ॲरनच्या किल्मोरी किंवा किल्ब्राइड पॅरिशचे निघाले, तर एडिंबरोजवळच्या गावाचा दावा जवळजवळ निकालात निघतो.

1855 च्या आधी चर्चच्या जुन्या पॅरिश-नोंदवह्या. देशातली सर्वांत जुनी 1553 ची आहे, पण पश्चिमेच्या बेटांवर त्या बऱ्याच उशिरा सुरू होतात आणि त्यांत खंडही पडतात. इथली नेहमीची चूक म्हणजे एकाच पॅरिशमधले तीन डोनाल्ड करी एक समजणं. त्यांना वेगळं करणाऱ्या गोष्टी दोनच : वाडीचं नाव आणि आईचं माहेरचं आडनाव. पहिल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं आणि दुसऱ्याला आईच्या वडिलांचं नाव ठेवायची चालही मदतीला येते, पण तो पुरावा नाही.

याच टप्प्यावर आडनाव रूप बदलताना दिसतं. मोठ्या भावाच्या बाप्तिस्म्याला मॅकवुरिख, धाकट्याच्या वेळी मॅककरी आणि नातवाच्या लग्नात नुसतं करी. शोधताना पूर्ण आडनाव टाकू नका. ‘एम’, तारांकन, ‘सी’, तारांकन, ‘यू-आर’, तारांकन असं टाका. तारांकन म्हणजे मधली कोणतीही अक्षरं. ‘मॅक’ असलेली सगळी रूपं एकदम वर येतात, नुसतं करी मात्र वेगळं शोधावं लागतं. मॅकआर्थर मंडळीही जाळ्यात सापडतात, ती हाताने वेगळी करावी लागतील.

आता वुरिखचं करी कसं झालं ते. मराठीत प्रत्यय लागताना शब्दाची शेपटी बदलते, ‘घोडा’चं ‘घोड्याचा’. गेलिकमध्ये षष्ठीत बऱ्याचदा शब्दाचं तोंडही बदलतं. मूळ पुरुषनाम ‘मुरेआख’. ‘मुरेआखचा मुलगा’ म्हणताना ‘म’चा ‘व’ होतो : मॅक वुरिख. मॅकच्या शेवटच्या ठसठशीत ‘क’पुढे हा दुबळा ‘व’ गिळला जातो, राहतं मॅक-उरिख. तो ‘क’ पुढच्या शब्दाला चिकटतो. इंग्रजी कानाच्या कारकुनाला शेवटचा घशातला ‘ख’ लिहिता येत नाही. उरतं मॅककरी, आणि ‘मॅक’ गळालं की करी.

सर्वांत जुनी नोंद कशी दिसते ते नीट पाहा. नावामागे लॅटिन ‘दे’ असेल तर ते गावावरून. ‘मॅक’ किंवा ‘व्हीसी’ ही दोन अक्षरं असतील तर पूर्वजावरून. सोळाव्या-सतराव्या शतकात हे ‘व्हीसी’ म्हणजे ‘विक’, अर्थात ‘मुलाचा’. ‘डोनाल्ड मॅकइअन व्हीसी वुरिख’ म्हणजे इअनचा मुलगा आणि वुरिखचा नातू. ॲरनवर कॉरी नावाचं गावही आहे, त्याने फसू नका. तिथल्या करींचं आडनाव त्या गावाचं नव्हे.

एक सांगून ठेवतो. मॅकवुरिख हे गेलिक राजकवींचं नामांकित घराणं. तेराव्या शतकात आयर्लंडहून आलेला कवी मुरेआख अल्बानाख ओ दाली हा त्यांचा मूळ पुरुष. व्याह्यांना हे कळलं की ते ताबडतोब कवींचे वंशज होतील. पण मुरेआख हे नाव अनेकांचं होतं. शेकडो वर्षांची साखळी कागदावर नसेल, तर नातवाच्या वहीत ‘मॅक वुरिखवरून आलेलं आडनाव’ एवढंच लिहा.

प्रश्न : डेव्हिड लिव्हिंग्स्टनबरोबर आफ्रिकेत गेलेल्यांत आमच्या शरणपूरच्या मिशन शाळेतले विद्यार्थी होते. त्याचं शव 1874 मध्ये इंग्लंडला पोहोचवणारा जेकब वेनराइटही त्याच शाळेचा. लिव्हिंग्स्टन या आडनावात ‘जिवंत दगड’ असा अर्थ आहे का? — एक वाचक, नाशिक

दगडही नाही आणि जिवंतही नाही. ‘-स्टन’ किंवा ‘-स्टोन’ने संपणारी बरीच स्कॉटिश आडनावं फोडताना चुकीच्या जागी फोडली जातात. त्यातला ‘स’ हा षष्ठीचा, म्हणजे ‘-चा’, आणि ‘टन’ म्हणजे जुनं ‘तून’ : वाडी, वस्ती. जॉनस्टन म्हणजे जॉनची वाडी. वेस्ट लोदियनमधलं लिव्हिंग्स्टन हे बाराव्या शतकातल्या लॅटिन सनदेत ‘व्हिला लेव्हिंग’ म्हणून येतं : लेव्हिंग नावाच्या माणसाची वस्ती. त्या जागेवरून आडनाव घेतलेलं घराणं पुढे सरदारपदाला चढलं.

पण तुमचा लिव्हिंग्स्टन त्यांच्यापैकी नव्हता, आणि गंमत इथेच आहे. तो 1813 मध्ये ग्लासगोजवळच्या ब्लँटायरला जन्मला, तरी त्याचे आजोबा मल बेटाशेजारच्या अल्वा या चिमुकल्या बेटावरून कापसाच्या गिरणीत काम करायला तिथे आले होते. अल्वा, लिस्मोर, ॲपिन या भागातले लिव्हिंग्स्टन घरी गेलिक बोलत आणि त्यांचं गेलिक आडनाव वेगळंच होतं. आज ते ‘मॅक अन लेय’, म्हणजे वैद्याचा मुलगा, असं सांगितलं जातं. काही अभ्यासकांच्या मते मुळात ते ‘दोन श्लेव’ या जुन्या पुरुषनामावरून आलं आणि वैद्याचा अर्थ मागाहून चिकटला. वाद काहीही असो, लेव्हिंगच्या वाडीशी त्यांचं नातं नाही. इंग्रजी कागदावर दिसायला एक ओळखीचं, प्रतिष्ठित आडनाव हवं होतं, ते त्यांनी उचललं.

पश्चिम किनाऱ्यावर असं सर्रास झालं. ‘मॅक अ गोव्हिन’, लोहाराचा मुलगा, याचं सरळ भाषांतर होऊन स्मिथ झालं. ‘मॅक अन तीर’, सुताराचा मुलगा, हा मॅकिंटायर राहिला किंवा राइट झाला. ‘मॅक अ व्रियुइन’, न्यायाधीशाचा मुलगा, याचं तर चक्क ब्राऊन केलं, केवळ आवाज जवळचा म्हणून. हायलँडमधला, म्हणजे उत्तर-पश्चिमेच्या डोंगराळ मुलखातला ब्राऊन आढळला की रंगाचा अर्थ लगेच लावू नका.

प्रश्न : ‘मॅक’ पूर्ण लिहिलं तर स्कॉटिश आणि नुसतं ‘एमसी’ लिहिलं तर आयरिश, हे खरं का? — एक वाचक, सोलापूर

नाही. शब्द एकच, ‘एमसी’ हा त्याचा संक्षेप. जुन्या छापील पुस्तकांत ‘एम’ आणि वर उलटा स्वल्पविराम असंही दिसतं. एकाच माणसाच्या तीन दाखल्यांवर तिन्ही प्रकार असू शकतात, म्हणून शोधताना तिन्ही तपासा. बायकांच्या बाबतीत एक लक्षात ठेवा : गेलिकमध्ये मुलगी ‘निक’ लावते, मॅक नव्हे. इंग्रजी कागदांत तिलाही मॅक केलं जातं, पण सतराव्या शतकापर्यंतच्या काही दस्तांत ‘एनसी’ सापडतं. ते वाचणाऱ्यांना चुकून ‘एमसी’ वाटतं आणि बाईचा पुरुष होतो.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. इथल्या एका सहकाऱ्याचं आडनाव आम्ही सगळे ‘मेंझीज’ म्हणतो. तो म्हणतो, त्याचे आजोबा ‘मिंगिस’ म्हणायचे. स्पेलिंगात ‘झेड’ आहे, ‘ग’ तर कुठेच नाही! — एक वाचक, मेलबर्न

आजोबांचा उच्चार बरोबर. चूक छापखान्याची. स्कॉट्स, म्हणजे स्कॉटलंडमधल्या इंग्रजीच्या जवळच्या भाषेच्या जुन्या लिपीत ‘योख’ नावाचं एक अक्षर होतं, आकड्यातल्या 3 सारखं शेपटीवालं. त्याचा आवाज ‘य’च्या जवळचा, आणि ‘न’नंतर आलं की ‘ङ्य’सारखा. छापखान्यातल्या खिळ्यांत हे अक्षर नव्हतं, म्हणून जुळाऱ्यांनी त्यातल्या त्यात तसं दिसणारं ‘झेड’ बसवलं. लिहिलेलं राहिलं आणि पुढच्या पिढ्यांनी ते जसं दिसतं तसं वाचलं. डॅल्झेल असं दिसणाऱ्या आडनावाचा पारंपरिक उच्चार ‘डिएल’ असतो तोही याचमुळे. मॅकेन्झीतला ‘झ’ही असाच घुसलेला. गेलिकमध्ये ते ‘मॅक कोइन्यिख’, कोइन्याखचा म्हणजे केनेथचा मुलगा. फरक इतकाच की मॅकेन्झींनी नवा उच्चार मुकाट स्वीकारला, मेंझीजांपैकी काहींनी अजून नाही. तुमच्याकडचे पंतप्रधान रॉबर्ट मेंझीज यांचं ‘मिंग’ हे टोपणनाव तिथूनच पडलं.

भाषेने मात्र हे आडनाव गेलिक नाही, नॉर्मन फ्रेंच आहे. नॉर्मंडीतलं मेनियेर हे त्याचं गाव. त्याच गावावरून इंग्लंडमध्ये ‘मॅनर्स’ हे आडनाव झालं. सहकाऱ्याला जुने दस्त शोधायचे असतील तर ‘झेड’च्या जागी ‘जी’, ‘वाय’ आणि काहीच नाही, असे तिन्ही पर्याय टाकून पाहू दे. तेराव्या शतकाच्या आसपास जाईल तसं ते ‘मेनर्स’कडे झुकताना दिसेल.

असंच ‘क्यू-यू-एच’ दिसलं की दचकू नका. ती ‘व्ह’साठीची जुनी स्कॉट्स लेखनाची ढब आहे. म्हणून कोलकुहून असं वाचावंसं वाटणाऱ्या आडनावाचा उच्चार ‘कहून’ आहे.

प्रश्न : मुंबईचे जुने गव्हर्नर एल्फिन्स्टन, ग्रँट, माल्कम, रे हे सगळे स्कॉटिश घराण्यांतले. मग ही नावं गेलिकच ना? — एक वाचक, दादर

चारांपैकी गेलिक नाव ठामपणे एकाचंच, आणि दुसऱ्याचं अर्धं लपलेलं. माल्कम हे ‘मएल कोलुम’, संत कोलंबाचा मुंडन केलेला सेवक. मुळात व्यक्तिनाम, नंतर आडनाव. लॉर्ड रे हा किताब आहे. 1885 ते 1890 या काळात गव्हर्नर असलेल्या त्या गृहस्थांचं आडनाव मॅके, उच्चार ‘मकाय’ : मॅक ई, ‘ई’ म्हणजे एह या नावाच्या माणसाचा मुलगा. एह म्हणजे अग्नी. पुण्याच्या मंडईला आधी ‘रे मार्केट’ म्हणत ते याच गव्हर्नरांवरून. एल्फिन्स्टन हे एडिंबरोच्या पूर्वेला, ट्रॅनंटजवळच्या गावावरून. आपल्याकडच्या ‘-कर’ आडनावांसारखंच, गाव सोडलेल्या किंवा गाव ज्याच्या मालकीचं त्या माणसाला चिकटलेलं. ग्रँट नॉर्मन फ्रेंच, म्हणजे मोठा, थोराड.

मराठ्यांचा इतिहास लिहिणारे, साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्या नावात तर दोन भाषा शेजारी उभ्या आहेत. जन्माने ते ग्रँट. आईकडची इस्टेट मिळाल्यावर त्यांनी डफ जोडलं, आणि डफ हे गेलिक ‘दुव’, काळा. आडनाव हे जमिनीबरोबर येतं-जातं, हा मुद्दा इथून घ्या. वंशावळीत मधेच आडनाव बदललं तर आधी मृत्युपत्रं आणि वारसाचे दस्त पाहा.

प्रश्न : माझ्या पतीचे पूर्वज शेटलंड बेटांवरचे. 1800 च्या सुमारास बापाचं आडनाव मॅग्नसन, मुलाचं जॉनसन असं दिसतं. नोंद चुकली की आम्ही? — एक वाचक, लंडन

कुणीच नाही. शेटलंडवर एकोणिसाव्या शतकापर्यंत अनेक घरांत कायमचं आडनावच नव्हतं. नॉर्स, म्हणजे जुन्या स्कँडिनेव्हियातल्या पद्धतीने बापाचं नाव लावत. जॉन मॅग्नसनचा मुलगा मॅग्नस जॉनसन, त्याचा मुलगा पुन्हा जॉन मॅग्नसन. मुलीला ‘-डॉटर’ लावलेलंही सापडतं. त्यामुळे आडनावाने शोधणं सोडा. वडिलांचं पहिलं नाव, वाडीचं नाव आणि आईचं माहेर या तीन दोऱ्यांनी मागे जा. ज्या पिढीत आडनाव गोठलं त्या पिढीतल्या बापाचं नावच तुमचं आडनाव, त्यापलीकडे त्याला अर्थ नाही. नॉर्स नावं पश्चिमेकडेही आहेत, पण तिथे ती गेलिक पोशाखात वावरतात : मॅक्लाउड हा नॉर्स ‘ल्योत’चा, मॅकआयव्हर हा ‘ईवर’चा, मॅकॅस्किल हा ‘आस्केतिल’चा मुलगा. ल्योत म्हणजे कुरूप, हे मॅक्लाउडांना सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : पर्यटकांच्या दुकानात माझ्या स्कॉटिश मैत्रिणीच्या आडनावाचं मानचिन्ह आणि ‘मूळ अर्था’चं प्रमाणपत्र मिळालं. त्याऐवजी डीएनए तपासणी करावी का? — एक वाचक, पणजी

प्रमाणपत्र भिंतीला शोभेल, पुरावा म्हणून चालणार नाही. स्कॉटलंडच्या कायद्यात मानचिन्ह आडनावाला नसतं, एका व्यक्तीला असतं, आणि त्याची नोंद लॉर्ड लायन या मानचिन्हांच्या अधिकाऱ्याच्या न्यायालयात होते. डीएनए तपासणीतून रक्ताचं नातं कळतं, शब्दाची भाषा कळत नाही. शिवाय एक आडनाव म्हणजे एक रक्त नव्हे : कुळप्रमुखाच्या जमिनीवर राहणाऱ्यांनी त्याचं आडनाव घेतलेलं असतं. मॅकग्रेगर हे नाव 1603 मध्ये कायद्याने बंद केलं, मधे काही काळ बंदी उठली, पुन्हा आली आणि ती कायमची गेली 1774 मध्ये. तोवर त्या मंडळींनी कॅम्बेल, ग्रॅहम, ड्रमंड, मरे अशी जी मिळतील ती आडनावं लावली. मैत्रिणीचं आडनाव यांपैकी असेल आणि घराणं पर्थशरच्या डोंगराळ भागातलं असेल, तर 1774 नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतल्या पॅरिश-नोंदी आधी काढा. आडनाव परत बदललं असेल तर त्याच काळात.